एम्बोंगचं बसणं

दुयोंग बेटावर होड्या बांधणारे हात पुष्कळ होते. नव्या होडीत नुसतं बसून राहण्यासाठी मात्र एकाच माणसाला बोलावणं जायचं, ते म्हणजे एम्बोंगला. नदीच्या मुखाशी असलेल्या या बेटावर तेव्हा पूल नव्हता आणि पलीकडच्या शहरात जायचं तर तराफा हाच एक मार्ग होता. एम्बोंग कोण, असं कुणी विचारलं की बेटावरची पोरंसुद्धा सांगायची, "तो बसणारा होय? तिकडे, मासळीच्या पापडांचा वास येतो ते घर."

बसणं हे काम आहे, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. दुयोंगची होडी चेंगालच्या लाकडाची. फळीला फळी लाकडी खुंट्यांनी जोडायची आणि दोन फळ्यांच्या मधे गेलाम झाडाची मऊ, पापुद्र्यांची साल घालून ठोकायची. लोखंडाचा खिळा औषधालाही सापडायचा नाही. अशी होडी गावकऱ्यांनी खांदा लावून पाण्यात ढकलली, पिवळा भात वाटून झाला, दुवा म्हणून झाली, की ती निवांतपणे गळायला लागते. गळायलाच हवी. फळ्या पाणी पितात, साल पाणी पिते, दोन्ही फुगतात आणि एकमेकींना अशा बिलगतात की पुढे माणसाचं आयुष्य सरेल पण आत थेंब यायचा नाही. पण हे होईस्तोवर कुणीतरी आत बसून पाण्यावर नजर ठेवायला हवी. फटी बुजवायच्या नाहीत. घाईघाईनं तळ कोरडा करायचा नाही, कारण कोरडं लाकूड फुगणार कसं? आतल्या अंगाला कोळशाची रेघ मारायची, पाणी तिच्यावर चढलं तर चार करवंट्या बाहेर टाकायच्या आणि पुन्हा गप्प बसायचं.

आणि या दिवसांत 'होडी गळतेय' असं चुकूनही म्हणायचं नाही. 'पाणी पितेय' म्हणायचं. एकदा दक्षिणेकडून आलेलं एक गिऱ्हाईक काठावरूनच "अरे, गळतेय की ही!" म्हणून ओरडलं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला सगळ्या गावाला पुन्हा एकदा पिवळा भात घालायला लावला, तेव्हा कुठे होडी ताब्यात दिली.

एम्बोंग त्याच मिस्त्रीचा धाकटा मुलगा. थोरल्या सुलोंगचा हात वडिलांसारखाच लाकूड तासायच्या वाकसावर बसलेला होता. एम्बोंगच्या वाकसानं पोरवयातच त्याच्याच डाव्या हाताची दोन बोटं नेली. वडील त्याला रागावले नाहीत. जखम भरल्यावर त्यांनी त्याला नव्या होडीत नेऊन बसवलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला घाई आहे. बुडाला नसू दे." त्या दिवसापासून एम्बोंग बसायला लागला. सुरुवातीला लोक हसायचे. सुलोंग तर चारचौघांत म्हणायचा, "आमचा एम्बोंग कोंबडीच्या जातीचा. उबवतो आणि मजुरी घेतो." पण पुढे पुढे असं झालं की एम्बोंग बसला नसेल तर गिऱ्हाईक होडी न्यायला राजी होईना. दुसरा कुणी असता तर पाणी घोट्याला लागलं की हातपाय गाळले असते. एम्बोंग मात्र पाण्यात पाय सोडून पान खात बसायचा, तासातासानं फळीवर अंगठा दाबून बघायचा आणि काठावरच्या मिस्त्रीला सांगायचा, "पितेय अजून. पिऊ द्या." रात्री दुसऱ्याला बसवून घरी आला की उशीला डोकं टेकताच घोरायला लागायचा.

त्याची बायको केल्सोम. ती मासळी कुटून, साबुदाण्याच्या पिठात मळून, उकडून, चकत्या पाडून वाळवायची आणि तळून विकायची. गावात तिच्या जिभेच्या नादी कुणी लागत नसे. लग्नाची गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची. "पहिल्या रात्री हे जे बसले ते बसलेच. हूं नाही की चूं नाही. मी म्हटलं, बाई गं, हा माणूस मी फुगायची वाट बघतोय की काय!" बायका हसून लोळायच्या आणि एम्बोंग कान लाल करून अंगणाबाहेर निघून जायचा. पण त्याच केल्सोमनं, कुणी नवऱ्याला कोंबडी म्हटलं तर, त्याला दारात उभं करून सुनवावं, "अख्ख्या दुयोंगात माझ्या नवऱ्याएवढा धीर असलेला एक दाखव, तुला आयुष्यभर पापड फुकट."

फुगणं हा त्या घराचा धंदाच होता म्हणा ना. तिकडे त्याला एक शब्द आहे, कंबांग. आपल्याकडे कळी उमलते, भात फुलतो, पापड फुगतो, भिजलेलं लाकूड तट्ट होतं, कौतुक ऐकून माणसाच्या नाकपुड्या फुलतात. तिकडे या सगळ्याला कंबांग म्हणून मोकळं व्हायचं. केल्सोमची चकती तेलात पडून पसरली की कंबांग, एम्बोंगची फळी पाण्यात भरली की कंबांग. शब्द शुभ आहे. तो उच्चारताना माणसाचा आवाज सैल होतो. ठेचकाळलेला अंगठा, गळू, दाढ दुखून वर आलेला गाल, यांच्यासाठी वेगळा शब्द आहे, बंकाक. म्हणजे सूज. तो उच्चारला की पुढचं वाक्य वैद्याचं असतं. हे दोन शब्द तिकडचं दोन वर्षांचं पोरही एकमेकांच्या जागी वापरत नाही.

वाऱ्यापावसाचे महिने संपून समुद्र निवळला आणि होड्यांचा हंगाम सुरू झाला, त्या सुमारास केल्सोमच्या सपाता तिच्या पायात जाईनाशा झाल्या.

तिनं हसण्यावारी नेलं. "सपाता आटल्या," म्हणाली. एम्बोंग उंबऱ्यावर बसून गेलामची साल सोलत होता. त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला. वाटीच्या बुडाएवढा खळगा, आणि तो भरून यायला फार वेळ लागला. असं कधी फळीत झालं नव्हतं. फळी दाबली तर दबत नाही, म्हणून तर ती फुगली असं म्हणायचं. पण तोंडातून शब्द आले ते सवयीचेच आले.

"कंबांग आहे," तो म्हणाला. "अंग पाणी पितंय. चार दिवसांत थांबेल."

"तुम्ही म्हणता तर थांबेल," केल्सोम म्हणाली आणि अनवाणीच तेल तापवायला गेली.

चार दिवसांनी सूज पोटरीवर आली. सकाळी उठली की केल्सोमचा चेहरा असा दिसायचा की डोळे कुठे आहेत ते शोधावे लागत. दुपारपर्यंत चेहरा उतरायचा आणि पाय चढायचे. एम्बोंग रोज बघायचा. रोज अंगठा दाबायचा. होडीत कोळशाची रेघ मारतात तशी त्यानं मनातल्या मनात तिच्या पायावर एक रेघ मारून ठेवली होती, आणि सूज तिच्यावर चढली की तो रेघ थोडी वर सरकवायचा. हे त्याचं त्यालाही कळत होतं. कळून वळत नव्हतं, इतकंच.

शेजारची मोक तेह गावाची सुईण. मोक म्हणजे तिकडे आईला म्हणायचं, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला. तिनं अर्ध्या गावाला जगात आणलं होतं, त्यामुळे ती कुणाचीच भीड ठेवत नसे. ती पानं वाटून लेप लावायला आली, केल्सोमची नडगी दाबून पाहिली आणि लेपाचं भांडं तसंच खाली ठेवलं.

"एम्बोंग, हे माझ्या पाल्याचं काम नाही. ही बंकाक आहे. हिला पलीकडे इस्पितळात ने."

"कंबांग आहे, मोक तेह. बसेल."

"अरे, पापड आहे का ती कंबांग व्हायला?"

केल्सोम खदखदून हसली. हसता हसता तिला धाप लागली. एम्बोंग मात्र चिडला. आयुष्यात कधी न चिडणारा माणूस, त्या दिवशी तो सुईणीच्या अंगावर ओरडला. "माझ्या घरात तो शब्द काढायचा नाही! होडी पहिल्या दिवशी पिते तेव्हा तुम्ही असंच बुडाली बुडाली म्हणून ओरडता का?"

मोक तेहनं भांडं उचललं. "होडीला खुंट्या असतात, बाबा," ती जाता जाता म्हणाली. "बाईला काय असतं?"

त्या काळी बेटावरची माणसं इस्पितळाला फार भ्यायची. इस्पितळाचा काही दोष नव्हता. लोक जायचेच इतक्या उशिरा, वरातीमागून घोडं नाचवावं तसे, की परत येताना पांढऱ्या चादरीतच यायचे. एम्बोंगची आई अशीच गेली होती. तराफ्यावर बसून हात हलवत गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच तराफ्यावर आडवी आली. तेव्हापासून नदी ओलांडणं म्हणजे काय, हे त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. शिवाय त्याला खरोखरच वाटत होतं की आपण घाई केली तर बिघडेल. आयुष्यभर ज्या ज्या होडीत घाई झाली ती बिघडली आणि ज्या ज्या होडीत त्यानं काही केलं नाही ती तरली. असा माणूस बायकोच्या पायाशी बसून काय करणार? धीर धरला. धीरापोटी फळं गोमटी म्हणतात ते खोटं नाही, पण ते फळांचं झालं.

मग अंगठीची पाळी आली. लग्नातली पातळ सोन्याची अंगठी केल्सोमच्या बोटात इतकी रुतली की बोटाचा शेंडा निळा पडला. एम्बोंगनं साबणाचं पाणी केलं, होडीचं शीड शिवायचा बारीक दोरा आणला, तो बोटाभोवती घट्ट वेटाळला आणि अंगठी दोऱ्यावरून इंच-इंच पुढे सरकवत आणली. डाव्या हाताला दोन बोटं कमी, त्यामुळे फार वेळ लागला. केल्सोमनं ओठ चावून धरले होते. अंगठी निघाली तेव्हा बोटाला खोल खाच पडली होती आणि दोघंही घामानं भिजली होती.

"ठेवून द्या," ती म्हणाली. "बोट उतरलं की घालीन."

"हो. उतरलं की," एम्बोंग म्हणाला.

त्या रात्री तो झोपला नाही. त्याच्या आदल्या रात्रीही झोपला नव्हता. केल्सोम उशांना टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची, कारण आडवं झालं की तिचा श्वास अडकायचा. एम्बोंग भिंतीकडे तोंड करून तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचा. तू जागी आहेस का, असं तिला विचारायची त्याला हिंमत होत नव्हती. मी जागा आहे, हे तरी कुठे सांगवत होतं?

त्यांची एकुलती मुलगी रोगाया. ती लग्न होऊन शहरातच, नदीपलीकडे राहायची. हंगामभर ती आली नव्हती. तान्हं पोर, आजारी सासू, आणि आईचा निरोप आला की तो हाच असायचा की सगळं ठीक आहे. जवळ राहणाऱ्या माणसांचं असंच होतं. नदी तेवढी तर ओलांडायची आहे, उद्या जाऊ, असं म्हणत महिने जातात.

हंगामाच्या शेवटी सुलोंगनं आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी होडी पाण्यात घातली. सगळं गाव लोटलं होतं. एम्बोंग निघताना दारात घुटमळला.

"जाऊ का बसायला?"

केल्सोम भिंतीला टेकून बसली होती. पाय वासे ठेवावेत तसे पुढे ठेवले होते. "जा की. तुमच्याशिवाय कोण बसणार?" ती म्हणाली, पण वाक्य एका दमात पुरं झालं नाही.

तो जाऊन बसला. होडी पाणी प्यायला लागली. पाणी घोट्याला आलं, रेघेला आलं. आयुष्यात पहिल्यांदा एम्बोंगला ते पाणी बघवेना. फळीवर अंगठा दाबायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. काठावरून सुलोंगनं विचारलं, "काय म्हणतेय?" तर एम्बोंग घराच्या दिशेला बघत राहिला. लोकांना वाटलं, मोठ्या होडीचं दडपण आलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीतून एक तराफा सरळ होडीच्या दिशेनं वळला. पुढे रोगाया उभी होती. मोक तेहनंच माणूस पाठवून तिला बोलावलं होतं. ती घरी जाऊन आईला बघून आली होती आणि बापाला घातलेली तिची हाक साऱ्या काठावर ऐकू गेली.

"आयोह! मोकला श्वास घेता येत नाहीये! तिचे पाय पाहिलेत? कधीपासून चाललंय हे? आणि तुम्ही इथे बसलाय?"

"कंबांग आहे, बाळ," एम्बोंग म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "थांबेल थोड्या..."

"माझी आई होडी नाही!" रोगाया किंचाळली.

एम्बोंग उठला. पाणी पिणाऱ्या होडीतून तो आजवर असा मधेच कधी उठला नव्हता. सुलोंग पाण्यात उतरून आडवा आला. "एम्बोंग, कुठे चाललास? अजून पितेय ती! बसणाऱ्यानं मधेच सोडलेली होडी गिऱ्हाईक घेणार नाही."

"मग घेऊ नका म्हणावं, दादा," एम्बोंग म्हणाला. "कुणालाही बसव."

घरून केल्सोमला चौघांनी चटईवर उचलून तराफ्यापर्यंत आणलं. तिचं अंग इतकं ताणलं होतं की कातडी चकाकत होती आणि पायाला कुठे कुठे पाणी पाझरत होतं. तराफा चालला तसा एम्बोंग तिच्या डोक्याशी बसून राहिला. रोगाया पलीकडे तोंड करून बसली होती. बापाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, दुसऱ्या मुलखातला, पण शब्द जपून वापरणारा. त्यानं केल्सोमच्या छातीला नळी लावली, पोट पाहिलं, पाय दाबले. मग सगळ्यांना मिळून विचारलं, "ही सूज कधीपासून आहे?"

रोगायानं बापाकडे पाहिलं. एम्बोंगनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी, तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा हातानं बाजूला सारून, केल्सोमच बोलली.

"परवापासून. परवाच आली एकदम."

डॉक्टरनं मान हलवली. "एकदम आली असेल तर बरं. मग कारण वेगळं, औषध वेगळं. नीट आठवून सांगा हं. त्यावरच सगळं ठरतं."

"परवापासूनच," केल्सोम म्हणाली. तिनं एम्बोंगकडे असं पाहिलं की तुम्ही गप्प राहा. चाळीस वर्षं गावाच्या तोंडाला तोंड देऊन जिनं त्याला सांभाळलं होतं, ती आताही तेच करत होती. एम्बोंगला ते समजलं. आता एक शब्द न बोलता बसून राहिलं तर आपली अब्रू राहील आणि चुकीचं औषध हिच्या पोटात जाईल, हेही समजलं.

तो खुर्चीवरून उठला. "नाही, डॉक्टरसाहेब. ती खोटं बोलतेय. हंगाम सुरू झाला तेव्हापासून आहे. आधी पाय, मग पोटऱ्या, मग तोंड. अंगठा दाबला की खळगा पडायचा. मी रोज दाबून बघायचो. सुईणीनं सांगितलं होतं इकडे आणा म्हणून. मी आणलं नाही. तिची काही चूक नाही. सूज मी ठेवून घेतली घरात."

आयुष्यात एवढं लांबलचक बोलणं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. तो शब्दही त्यानं पहिल्यांदाच उच्चारला, बंकाक. डॉक्टर रागावला नाही. त्यानं परिचारिकेला वेगळी औषधं सांगितली, मूत्रपिंडांबद्दल काही म्हणाला, आणि रोगायाला बाहेर नेऊन हळू आवाजात आणखी काही सांगितलं. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

संध्याकाळी केल्सोमला जरा हुशारी आली. एम्बोंग कॉटजवळ खाली बसला होता.

"कशाला बोललात?" ती म्हणाली. "सगळ्या जगाला सांगत आले मी, माझ्या नवऱ्याला फार धीर म्हणून."

"धीर नव्हता तो, केल्सोम. भ्यालो होतो मी. तुला नदीपलीकडे न्यायला भ्यालो. म्हणून बसून राहिलो."

"मला ठाऊक होतं."

एम्बोंगनं वर पाहिलं.

"होडी पीत असली की तुम्ही घरी येऊन मेल्यासारखे झोपता," केल्सोम म्हणाली. थांबत, श्वास घेत. "हे सगळे दिवस तुम्ही झोपला नाहीत. तेव्हाच कळलं मला, हे काही कंबांग नव्हे."

"मग बोलली का नाहीस गं?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर मला भीती वाटली नसती."

एम्बोंगनं तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो रडला. शेजारच्या कॉटवरच्या बायकांनी माना वळवल्या. केल्सोमनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो हात जड होता, ताणलेला होता, आणि बराच वेळ फिरत राहिला.

औषधानं सूज थोडी उतरली. पण मूत्रपिंडं फार आधीच थकली होती. शुक्रवारी, दुपारची नमाज व्हायच्या आधी, केल्सोम गेली. तराफ्यावरून तिला परत दुयोंगला आणलं. न्हाऊ घालताना मोक तेह तिच्या पायांशी होती.

मग लोक यायला लागले. तिकडे रीतच आहे, बसायचं, दुवा म्हणायची, आणि जाताना घरच्या माणसाच्या हातात हात देऊन विचारायचं, काय झालं होतं हो? उत्तरही ठरलेलं असतं. वेळ भरली होती, असं म्हणायचं आणि डोळे पुसायचे. एम्बोंग तसं म्हणाला नाही. पहिला हात सुलोंगचा होता.

"काय झालं रे अचानक?"

"अचानक नाही, दादा. सूज होती. मी उशीर केला."

सुलोंगचा हात हातातच राहिला. "अल्लाची मर्जी," तो कसंबसं म्हणाला.

"मर्जी अल्लाची. उशीर माझा."

पुढच्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. जी माणसं त्याच्या धीराची गोष्ट पोराबाळांना सांगायची त्यांना, केल्सोमच्या पापडांच्या गिऱ्हाइकांना, इमामाला, नदीपलीकडून आलेल्या व्याह्यांना. कुणी म्हणालं, असं बोलू नये. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. एक म्हातारी तर त्याच्या तोंडावर हात ठेवायला आली. तो तिचा हात बाजूला करून म्हणाला, "सूज होती. मी उशीर केला." आवाज चढवला नाही की पाडला नाही. अंगणात माणसं खालच्या मानेनं बसली होती आणि त्यांच्यातल्या एक-दोघांना आपापल्या घरी कोण खोकतंय, कोण लंगडतंय, ते आठवत असावं.

रोगाया आतल्या दाराशी उभी राहून हे ऐकत होती. इस्पितळापासून ती बापाशी एक अक्षर बोलली नव्हती. दिवस कलायला लागला तरी माणसांची रांग संपेना आणि एम्बोंगचा घसा बसत चालला. तेव्हा ती बाहेर आली. पाण्याचा पेला तिनं त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी चटईवर बसली.

"पाणी प्या, आयोह. पुढच्यांना मी सांगते."

पुढची बाई वाकली, रोगायाचे हात हातात घेतले. "काय झालं होतं गं मोकला?"

"सूज होती," रोगाया म्हणाली. "आम्ही उशीर केला."